सतरा फासळ्यांचा म्हातारा

कुलपाश आपानं उभं आयुष्य बल्खाश शहरातल्या तांब्याच्या कारखान्यात क्रेन चालवण्यात घालवलं. छताखाली टांगलेल्या काचेच्या खोपट्यात बसायचं, अख्खी गाडी बुडेल एवढाली वितळलेल्या तांब्याची पातेली इकडून तिकडं न्यायची, आणि खाली कुणी बावळटासारखा मध्ये आला की वरून अशी हाळी घालायची की तो माणूस आधी बाजूला उडी मारायचा आणि मग विचार करायचा. निवृत्त होऊन ती जमिनीवर उतरली, पण आवाज वरच राहिला. घरात ती नवऱ्याकडं मीठ मागायची, तर समोरच्या इमारतीतली दामेली आपल्या मिठाच्या बरणीकडं हात न्यायची.

क्रेनवर असल्यानं तिची एक समजूत घट्ट झाली होती. जे जड ते खरं, जे हलकं ते उगाच. हलक्या पातेल्यात शिजलेलं तिला रुचत नसे, हलक्या दाराच्या घरात ती पाहुणी म्हणून थांबत नसे. जावई सडपातळ आहे हे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नव्हती.

तिचा नवरा जुमादिल शहरात बस चालवायचा. शांत, उंचापुरा माणूस. इतकी वर्षं बसमधल्या लोकांची बडबड ऐकून त्याच्या वाट्याचं बोलणंच संपून गेलं असावं. निवृत्तीनंतर त्याला एकच नाद उरला, तळ्यावर जाऊन मासे धरायचे.

आणि तिसरा होता तो रेडिएटर, पोटातून गरम पाणी फिरवून खोली तापवणारा.

त्यांचा फ्लॅट इमारतीच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. दोन भिंती बाहेरच्या, तळ्यावरून येणारा वारा थेट त्यांच्यावर. पहिल्या हिवाळ्यात खिडकीत ठेवलेला चहा गोठला तेव्हा कुलपाशनं ठरवलं की सरकारनं बसवलेला सात फासळ्यांचा बिडाचा रेडिएटर हे काही खरं नाही. मग कुठं जुनी शाळा पाडली, कुठं दवाखान्याची दुरुस्ती निघाली, की ही तिथं हजर. गोडीगुलाबीनं, नाहीतर आवाज चढवून ती एक-दोन फासळ्या मिळवायची आणि जुन्याला जोडून घ्यायची. असं करत करत तो खिडकीखालून निघून पलंगापर्यंत पोचला. सतरा फासळ्या. बरोब्बर जुमादिलएवढा लांब. हे तिनं एकदा भांडणात नवऱ्याला त्याच्याशेजारी जमिनीवर आडवं करून मोजलंही होतं. कशावरून भांडण होतं ते दोघांनाही आठवत नाही, पण माप आठवतं.

ती दोघांनाही ‘म्हातारा’च म्हणायची. "माझ्या घरात दोन म्हातारे," ती सांगायची. "एक तोंडातून शब्द काढत नाही, पण ऊब देतो. दुसरा नुसताच तोंडातून शब्द काढत नाही."

गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र रेडिएटर थकला. खिडकीकडची बाजू तापायची, पलंगाकडची गार. लेक जानिल आल्माटीला असते. तिच्या कानावर हे गेलं आणि तिनं नवेकोरे अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर पाठवून दिले. पांढरेशुभ्र, गुळगुळीत, पातळ. कुलपाशनं खोकं उघडलं, त्यातला एक एका हातानं उचलला आणि तिचा चेहरा पडला.

"हे काय आहे गं?" तिनं फोनवर विचारलं. फोनशिवायही आल्माटीला ऐकू गेलं असतं.

"रेडिएटर आहेत, आई. आता सगळे हेच बसवतात."

"ह्याच्यावर चहाचे कप ठेवून पाहुण्यांसमोर न्यायचे का? जोराचा वारा आला तर उडून जातील!"

नवे रेडिएटर पलंगाखाली गेले आणि वित्या फिटरला बोलावणं गेलं. वित्या म्हणजे त्या वसाहतीतला शेवटचा जर्मन. बाकी सगळे केव्हाच जर्मनीला निघून गेले, हा राहिला, कारण कुणाच्या ना कुणाच्या गळतीचं काम अर्धवट असायचं. त्यानं रेडिएटरला हातोडीनं ठोकून कान लावला.

"पोटात गाळ साचलाय, आपा. टाका काढून."

"तुझ्या आजोबांच्या पोटात काही साचलं तेव्हा टाकलं होतं का काढून?"

"आजोबांना मी उघडलं नव्हतं," वित्या म्हणाला. "ह्याला उघडावं लागेल. खाली न्यायचा, जाळ करून रंगाची पुटं जाळायची, फासळ्या सुट्या करायच्या, धुवायच्या, नवे वायसर घालून परत जोडायच्या."

"मग तसं बोल की."

जूनमध्ये शहराची ऊब, म्हणजे घराघरांत येणारं गरम पाणी, बंद असते, पाइप रिकामे असतात. तेव्हाच हे काम करायचं ठरलं. जुमादिलला घरातली ठोकाठोक सोसत नाही. त्यानं जाळी उचलली, पाव आणि चहापत्ती बांधून घेतली आणि तो तळ्याकाठच्या वेताच्या झोपडीत राहायला निघून गेला. तिथं फोन लागत नाही. त्याला तेच आवडायचं.

खरं तर रेडिएटरचे वरच दोन तुकडे करायला हवे होते. पण सांधे इतके गंजले होते की वित्याचा लांब पानाच वाकला. मग इमारतीतली पाच माणसं आली, त्यांनी रेडिएटर जमिनीवर अंथरायच्या जाड लोकरीच्या नमद्यात गुंडाळला, दोऱ्यांनी बांधला, आणि वित्या धरून सहा जण त्याला उचलून जिन्यानं उतरू लागले. वित्या पुढं, उलट्या पावलांनी. कुलपाश मागं, हुकूम सोडत. "डावीकडं! खाली! हळू! अरे बुटक्या, तुझी बाजू वर घे!" तिला पुन्हा क्रेनवर बसल्यासारखं वाटत होतं.

मधल्या वळणावर वित्याच्या खिशातला फोन वाजला. आता दीडशे किलोचं लोखंड हातात असताना फोन वाजला तर शहाणा माणूस वाजू देईल. वित्यानं एक हात सोडला.

जो आवाज झाला त्यानं पाचही मजल्यांची दारं उघडली. नमद्यातून काळंकुट्ट पाणी पायऱ्या पायऱ्यांनी वाहू लागलं. माणसं भिंतीला चिकटून उभी होती, सगळ्यांचे पाय शाबूत होते. रेडिएटर मात्र मधून तडकला होता. आणि कुलपाशनं हंबरडा फोडला, "मेला! माझा म्हातारा मेला! कसायांनो, मारलात त्याला!"

उन्हाळ्याचे दिवस, सगळ्या खिडक्या उघड्या. समोरच्या इमारतीत दामेली गॅलरीत बसून मटार सोलत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण तो आपल्याला पाहण्याच्या आड येतो असं तिला कधी वाटलं नाही. तिनं पाहिलं की जिन्याच्या दारातून सहा पुरुष बाहेर आले. घामानं टोप्या काढलेल्या, माना खाली, कुणी बोलत नाही. त्यांच्या हातात नमद्यात गुंडाळलेलं, जुमादिलच्या लांबीचं काहीतरी. मागं कुलपाश, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, रडतेय. दामेलीनं मटार तिथंच सोडले.

ती खाली पोचली तेव्हा माणसं गॅरेजांच्या मागं निघून गेली होती आणि कुलपाश अंगणातल्या बाकावर बसली होती. दामेलीनं तिला मिठी मारली.

"कुठं झालं गं हे?"

"जिन्यात. मधल्या वळणावर."

"पडला?"

"पडला कुठं? पाडला! त्या वित्यानं. फोन वाजला म्हणून हात सोडला मेल्यानं."

दामेली तिच्याजवळ बाकावर टेकली. "आणि मग?"

"मग काय. मधून मोडला. दोन फासळ्या गेल्या. पोटातलं सगळं काळं पाणी जिन्याभर झालंय."

"या अल्ला! आणि आता... आता कुठं ठेवलाय त्याला?"

"गॅरेजच्या मागं. वित्या जाळतोय."

"जाळतोय?"

"जाळल्याशिवाय निघणार आहे का काही? मग एकेक फासळी सुटी करणार, पाइप लावून धुणार. म्हणतो, जमलं तर परत जोडून देतो."

दामेलीला कळून चुकलं की दुःखानं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिला हुंदका आवरेना. ते पाहून कुलपाशही विरघळली.

"तुला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं गं," ती म्हणाली. "पण बरोबर आहे. तू किती वेळा आपले ओले मोजे त्याच्या अंगावर वाळत घातलेस."

दामेलीला काही केल्या हे आठवेना. तरी तिनं मान डोलावली. वेडावलेल्या माणसाला विरोध करू नये.

मग ती घरी गेली आणि फोनपाशी बसली. दामेली चहाड्या करत नाही, ती फक्त कळवते. तिनं जुमादिलच्या थोरल्या भावाला, गावाकडच्या शाइमर्दान आगाला कळवलं. आल्माटीला जानिलला कळवलं. बस डेपोत कळवलं, कारखान्यात कळवलं, आणि मयताच्या घरापुढं उभारतात ते युर्त, म्हणजे नमद्याचं गोल तंबूघर, भाड्यानं देणाऱ्यालाही कळवलं, कारण अशा वेळी घरच्यांना सुचत नाही.

कुलपाशचा दिवस गॅरेजांमागं गेला. वित्याला एकट्याच्या भरवशावर सोडणं आता शक्यच नव्हतं. जाळावर रंगाचे पापुद्रे सुटत होते, आधी पांढरा, मग हिरवा, मग कारखान्यातून आणलेला क्रेनचा पिवळा. तिला वाटत होतं, एवढं रडू आपल्याला निवृत्त झालो तेव्हाही आलं नाही, आईच्या वेळीही इतकं आलं नाही. आज लोखंडासाठी कुठून येतंय? मग तिनं वित्याला आणखी चार शिव्या दिल्या.

दुपार उलटल्यावर ती तोंड धुवायला घराकडं निघाली, तर अंगणात पांढरंशुभ्र युर्त उभं. बाजूला लाकडं पेटलेली, मोठी कढई चढलेली, बाया बाउर्साकचे पिठाचे गोळे तळतायत, पुरुष रांगेनं काठ्या टेकून उभे.

कुणीतरी गेलं, हे तिनं ओळखलं. पलीकडच्या जिन्यातला नुरगाझी हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळला होता. "सुटला बिचारा," ती मनात म्हणाली आणि शेजारधर्म म्हणून घरातली मोठी कढई, ताटल्या आणि वाडगे काढायला वर गेली.

घर बायकांनी भरलेलं. हेही तिला पटलं. नुरगाझीचा फ्लॅट एवढासा, तिथं कुठं मावणार?

"बरं केलंत माझ्याकडं आलात," ती म्हणाली. "इथं ऐसपैस जागा आहे. खिडकीखाली तर आजपासून मोकळीच झालीये."

बायकांनी एकदम गळा काढला. तिनं एकीला हळूच विचारलं, "कोण गं गेलं? नक्की तोच ना?" त्यावर तर त्या बाईनं तिला छातीशी धरून इतकं रडून घेतलं की कुलपाशचा श्वास कोंडला. कुणीतरी तिच्या हातातून कढई काढून घेतली. कुणीतरी तिला बसवलं. तिनं पुन्हा विचारलं, "अगं, पण कधी गेला?" आणि पुन्हा तेच. नुरगाझीचे एवढे चाहते आहेत याची तिला कल्पना नव्हती.

मग त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, "कुलपाश, विलाप सुरू कर. तुझ्याशिवाय कोण करणार?"

हेही खरंच. असा आवाज दुसऱ्या कुणाला होता? कुलपाश उठली, भिंतीकडं तोंड केलं, कमरेवर हात ठेवले आणि मग अडली. नुरगाझीबद्दल तिला एकच गोष्ट माहीत होती, तो डॉमिनोच्या सोंगट्या खेळताना लबाडी करायचा. विलापात ते घालता येत नाही. समोर भिंत होती, भिंतीवर रेडिएटरच्या आकाराचा न रंगवलेला पट्टा होता. तिच्या मनात जे होतं तेच तिच्या तोंडून निघालं.

"उभ्या जन्मात मी तुला कधी पुरे म्हटलं नाही रे... बर्फ पडलं की तू तापलास, पानं फुटली की तू गप्प झालास... ओले कपडे तुझ्या पाठीवर टाकले, तू हूं की चूं केलं नाहीस... ठोकलं तुला, रंगवलं तुला, दुसऱ्यांच्या फासळ्या आणून तुला जोडल्या... आता कुणाच्या अंगाला अंग लावून मी केस वाळवू रे!"

खाली अंगणात चहाचे पेले थांबले. बायका हुंदके देत एकमेकींकडं पाहत होत्या. जुमादिल इतका गुणाचा होता हे कुणाला माहीतच नव्हतं. दुसऱ्यांच्या फासळ्यांचं काय, ते कुणाला उमगलं नाही, पण विलापात असं काहीतरी यायचंच.

एवढ्यात शाइमर्दान आगाचा ट्रक आला. सत्तरी ओलांडलेला, भरगच्च मिशांचा माणूस, गावाकडं घोडे राखणारा. मागं मेंढी, मुलगे, सुना. तो ट्रकमधून उतरला तोच "अरे माझ्या भावा रे! माझ्या पाठीच्या आधारा रे!" असं ओरडत, धडपडत युर्ताकडं निघाला. त्याच्या हातात वडिलांचं खोगीर होतं.

त्या खोगिरावरूनच दोघा भावांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. जुमादिल म्हणायचा, वडिलांनी मला दिलं होतं. शाइमर्दान म्हणायचा, बसला खोगीर घालतोस का? आज बातमी कळल्यावर त्यानं आधी काय केलं असेल तर ते खोगीर भिंतीवरून उतरवलं. ते युर्तात मानाच्या जागी ठेवलं, बायकोकडून डोळे पुसून घेतले, मग आजूबाजूला पाहिलं.

"भाऊ कुठाय माझा?"

बायकांनी दामेलीला पुढं ढकललं. तिनं खाली मान घालून कळवलं, "गॅरेजच्या मागं. वित्याकडं."

शाइमर्दानच्या हातात चाबूक होता. ट्रकनं आला असला तरी चाबकाशिवाय तो घराबाहेर पडत नसे. गॅरेजांमागं वित्या काजळीनं माखून जाळापाशी बसला होता. मिशाळ माणूस येताना पाहून त्याला वाटलं, आपानं उचलायला मदत धाडली.

"या, या. अर्धं काम झालंय. बघा, कसा स्वच्छ निघाला! पोटात काय घाण होती, सांगायची सोय नाही. मला वाटलं गेला आता कामातून, पण नाही हो, अजून वीस हिवाळे काढेल."

"माझा भाऊ कुठाय?" शाइमर्दाननं चाबूक उगारला.

"कुठला भाऊ?" वित्या उठून मागं सरकला. "इथं मी आहे आणि हा आहे."

शाइमर्दाननं जाळात पाहिलं. मग पलीकडून जाऊन पाहिलं. मग चाबकाच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. ठण्ण झालं.

"हा?"

"हा. सतरा होत्या, आता पंधरा राहतील."

"मग जुमादिल?"

"जुमादिल आगा तळ्यावर गेलेत ना, मासे धरायला."

शाइमर्दान जुन्या टायरवर बसला. त्याला रागावायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. वित्यानं चहा दिला, तो त्यानं प्याला. मग मिशांतल्या मिशांत काहीतरी हललं. त्याच्या मुलांनी नंतर विचारलं, तुम्ही तेव्हा हसलात की रडलात? तो म्हणाला, मला काय माहीत, माझ्यासमोर आरसा होता का?

अंगणात परतल्यावर त्यानं प्रार्थनेला बोलावलेल्या मुल्लाला बाजूला घेतलं आणि कानात सगळं सांगितलं. मुल्ला जाडजूड, पोटाची काळजी घेणारा माणूस. त्यानं आधी विचारलं, "मांस किती शिजलंय?"

"होत आलंय."

"आणि लोक?"

"अजून येतायत. डेपोतून एक बस भरून आलीये."

मुल्लानं दाढीवरून हात फिरवला. "संकट टळलं की आपण देवाच्या नावानं जेवण घालतो. हे ते जेवण."

"कुठलं संकट टळलं?"

"दीडशे किलोचं लोखंड भरल्या जिन्यात पडलं आणि कुणाचं करंगळीचं नखही गेलं नाही. तुला अजून काय टळायला हवं होतं?"

मग कुलपाशला खाली बोलावलं गेलं. शाइमर्दान नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणून ती जरा हळू आवाजात बोलली. म्हणजे फक्त अंगणातल्यांनाच ऐकू गेलं.

"बोला, आगा. तुम्हीही आलात? नुरगाझीशी तुमची ओळख होती हे ठाऊक नव्हतं."

"कुलपाश, हे युर्त कुणासाठी आहे?"

"नुरगाझीसाठी."

"कुणासाठी?" मागच्या बाकावरून म्हातारा नुरगाझी ओरडला. जुमादिलला शेवटचा निरोप द्यायला म्हणून त्याला दोन नातवांनी उचलून खाली आणलं होतं आणि तो परतलेल्या कलेजीची दुसरी ताटली संपवत होता.

कुलपाशनं नुरगाझीकडं पाहिलं. युर्ताकडं पाहिलं. त्यात खोगीर दिसलं. मग रांगेतल्या प्रत्येक माणसाकडं, डेपोच्या बसकडं, कढईकडं आणि सगळ्यात शेवटी दामेलीकडं पाहिलं. तिनं तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून आवाज निघाला नाही.

"मी जे पाहिलं तेवढंच कळवलं," दामेली म्हणाली आणि एका जाड बाईच्या मागं सरकली.

अजून निम्म्या लोकांपर्यंत खरी गोष्ट पोचायची होती, तेवढ्यात मासे घरी पोचवायला म्हणून जुमादिल फाटकातून आला. खांद्यावर जाळं, हातात माशांची पिशवी. त्यानं युर्त पाहिलं. आपल्यात रीत अशी की कुणीही गेलं तरी आधी ‘भावा’ म्हणून रडायचं आणि मग विचारायचं. त्यानं पिशवी टाकली आणि दोन्ही हात पसरून "अरे माझ्या भावा रे!" म्हणत युर्ताकडं धावला. ज्यांना खरं माहीत नव्हतं त्यांनी किंकाळ्या फोडून वाट दिली. डेपोचा एक माणूस बसमध्ये जाऊन बसला आणि त्यानं दार लावून घेतलं. रांगेत सगळ्यात पुढं शाइमर्दान होता. त्याला सगळं माहीत होतं. तरी त्यानं भावाला मिठीत घेतलं आणि तो असा रडला की त्याच्या मुलांनी तोंडं फिरवली. सकाळपासून दुपारपर्यंत त्याला भाऊ नव्हता.

बऱ्याच वेळानं जुमादिलनं त्याच्या खांद्यावरून डोकं वर केलं.

"कोण गेलं?"

"रेडिएटर," शाइमर्दान म्हणाला.

जुमादिलनं अंगणभर नजर फिरवली आणि कुलपाशला म्हणाला, "एक रेडिएटर धुवायला एवढी माणसं बोलावलीस?"

तेव्हा कुठं कुलपाशला आवाज परत मिळाला. तिनं सगळं सांगितलं, त्यात वित्या, फोन, जिना आणि दामेलीचा मोतीबिंदूही आला. जुमादिलनं शेवटपर्यंत ऐकलं.

"कुठल्या फासळ्या मोडल्या?"

"मधल्या."

"खिडकीकडच्या नाहीत ना?"

"नाहीत."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि जेवायला बसायला युर्तात शिरला. तिथं खोगीर होतं. तो थबकला.

"हे इथं कसं?"

"तुझ्यासाठी आणलं," शाइमर्दान म्हणाला.

"मी मेलो म्हणून?"

"हो."

"आता मेलो नाही. म्हणजे परत नेणार?"

शाइमर्दाननं मिशी चावली, चाबूक गुडघ्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "दर वेळी कुठं ने-आण करत बसू?"

जेवण झालं. मांस चांगलं शिजलं होतं, जुमादिलचे मासेही तळले. डेपोतल्या लोकांनी त्याच्याविषयी जी चांगली चांगली भाषणं तयार करून आणली होती ती वाया जाऊ नयेत म्हणून रेडिएटरला उद्देशून केली, आणि ती बऱ्यापैकी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानिल आगगाडीनं पोचली. काळा रुमाल, सुजलेले डोळे. अंगणात तिचा बाप उकिडवा बसून वित्याला रंग ढवळून देत होता. ती हातातल्या पर्सनं बापाला मारत सुटली. जुमादिलनं डोकं झाकून घेतलं आणि विचारलं, "गाडी वेळेवर होती का?" मग ती त्याच्या शेजारीच मातीत बसून हसली, रडली, परत हसली. दोन वर्षं तिला सुट्टी मिळत नव्हती. आता मिळालीच होती, तर ती आठवडाभर राहिली.

गावाकडची माणसं अजून होतीच. त्यामुळं जोडून झालेला, पंधरा फासळ्यांचा, चंदेरी रंगाचा रेडिएटर वर न्यायला सगळे निघाले. उचलायला चार जण पुरे होते, पण प्रत्येकाला हात लावायचाच होता. जिना माणसांनी इतका गच्च भरला की रेडिएटर हातोहात आपोआप वर सरकत गेला, आणि तळमजल्यावरची माणसं नुसतीच हवेत हात धरून उभी होती. वित्याला मात्र कुणी जवळ येऊ दिलं नाही. त्याचा फोन कुलपाशच्या खिशात होता.

जाताना शाइमर्दानची नजर पलंगाखालच्या पांढऱ्या रेडिएटरांवर गेली. त्याला ते फार आवडले. कुलपाशनं एका हातानं उचलून ट्रकमध्ये फेकले. गावात त्याचं घर चुलीवर तापतं, पाइप नाहीत, काही नाही. त्यानं ते बैठकीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगले. पाहुणा आला की तो त्याला तिथंच बसवतो. बिचारे पाहुणे पाठ टेकून म्हणतात, "वा, काय ऊब आहे!" कुलपाशही एकदा तसं म्हणाली. थोरल्या भावासमोर आणखी काय म्हणणार?

ऑक्टोबरात शहराची ऊब सुरू झाली. पाइपांत आधी गुरगुर झाली, मग खळखळ, मग सगळ्या इमारतीतून कुणीतरी खोकत जावं तसा आवाज. कुलपाश आणि जुमादिल पलंगावर बसून पाहत होते. रेडिएटर खिडकीकडून तापत तापत पलंगाकडं आला. थेट शेवटच्या फासळीपर्यंत. कुलपाशनं तळहात ठेवला आणि झटकन काढला.

जिथं दोन फासळ्या काढून सांधला होता, तिथं एक थेंब धरला. तो पडला. दुसरा धरला. वित्या येऊन बघून गेला. म्हणाला, आठवड्यात गंज धरेल आणि आपोआप बंद होईल. झालं नाही. कुलपाशनं खाली चिनीमातीचा वाडगा ठेवला. तो सकाळपर्यंत भरतो आणि जुमादिल उठून मोरीत ओततो.

"आज जास्त आलंय," तो म्हणतो.

"कालच्यापेक्षा कमी आहे," ती म्हणते.

"जास्त आहे."

"तुझे डोळे दामेलीचे झालेत का? कमी आहे!"

आणि समोरच्या इमारतीत दामेली खिडकी लावून घेते.